मालक उत्तर देताना

कंपनीच्या पॉडकास्टचा सगळ्यात जास्त ऐकला गेलेला भाग तो ठरला, ज्यात पाहुणा एक शब्दही बोलत नाही. हे वाक्य वाचलंच नाही असं समजावं. अजून तसं काही झालेलं नाही. अजून एडिटिंग करणारी कात्री दारापाशी गुडघ्यांवर बसून फटीत उशी कोंबते आहे, आणि धाकटे मालक चहूबाजूंनी उभ्या केलेल्या गाद्यांच्या मधोमध, एका लाकडी स्टुलावर, शाळेत उशिरा पोचलेल्या मुलासारखे बसले आहेत.

कंपनी गाद्यांची होती, त्यामुळे स्टुडिओला खर्च आला नव्हता. नमुन्यांच्या खोलीत, न खपलेल्या गाद्या भिंतींना टेकवून उभ्या केल्या की बाहेरचा आवाज आत येत नसे आणि आतला बाहेर जात नसे. खोलीत शिरलेला माणूस आपोआप हळू बोलू लागे, जणू त्याला कुणाची तरी चहाडी सांगायची आहे. रेकॉर्डिंग चालू असताना एसी बंद ठेवावा लागे. पाहुणे घामाघूम होत, आणि घामाघूम माणूस लवकर मुद्द्यावर येतो, असं मार्केटिंगच्या प्रमुखांचं मत होतं.

हे प्रमुख प्रत्येक भागाची सुरुवात 'नमस्कार मित्रहो' अशी करत. हळूहळू ते मीटिंगमध्येही तशीच सुरुवात करू लागले, मग फोनवर, आणि एकदा लिफ्टमध्ये एकट्याच उभ्या असलेल्या शिपायाला पाहून. तेव्हापासून सगळे त्यांना पाठीमागे मित्रहो म्हणत. पॉडकास्टची कल्पना त्यांचीच. जाहिरात करणाऱ्यावर लोकांचा विश्वास नसतो, गप्पा मारणाऱ्यावर असतो. तेव्हा कंपनीने उद्योगधंद्यावर गप्पा माराव्यात, गादीचं नावही काढू नये, आणि लोकांनी आपसूक गादी घ्यावी, असा तो बेत होता. पॉडकास्टचं नाव 'उद्योगाच्या उशाशी'. त्यावर हसायचं की नाही, हे कंपनीत अजून ठरलं नव्हतं.

मित्रहोंनी बोलायचं आणि कात्रीने कापायचं, अशी कामाची वाटणी होती. नावही तिला त्यावरूनच पडलेलं. तिच्या हातून निघालेला माणूस अडखळत नसे, घसा खाकरत नसे, 'म्हणजे कसं आहे' म्हणत नसे. हिशेबनिसांचा भाग तिने असा काही साफ केला, की त्यांच्या बायकोने तो दोनदा ऐकला आणि हे गृहस्थ कोण आहेत, एकदा घरी बोलवा की, असं ती नवऱ्याला म्हणाली. खुद्द कात्रीला थांबलेलं काही सोसत नसे. लोकांचे आवाजी निरोप ती दुप्पट वेगाने ऐके. घरी ताई काही सांगू लागली की पहिल्या वाक्यालाच 'पुढे' म्हणे. लिफ्टसाठी थांबण्यापेक्षा जिना चढे, आणि वर पोचल्यावर खाली लिफ्टची वाट बघणाऱ्यांवर मनातल्या मनात चिडे.

धाकटे मालक साठीला आले होते. थोरले जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण यांचं धाकटेपण काही सुटलं नव्हतं. मूळचा माणूस विचारी. चहा घेणार का असं विचारलं, तर चहा येऊन निवत आला की 'हो' म्हणणारे. पॉडकास्टवर मात्र ते कमालीचे सडेतोड होते. प्रश्न विचारायचा अवकाश, की उत्तर हजर. इतर कारखानदार फोन करून त्यांचं अभिनंदन करू लागले होते. हल्ली एखाद्या विषयावर आपलं मत काय आहे हे बघायला ते स्वतःच जुने भाग ऐकत.

त्या दिवशी गप्पा रंगात आल्यावर मित्रहोंनी हातातला कागद बाजूला ठेवला. अवघड प्रश्न विचारला की ऐकणारे टिकून राहतात, हे त्यांना कॉम्प्युटरवरच्या आलेखाने शिकवलं होतं.

"आता सगळ्यांच्या मनात आहे ते विचारतोच. नवा कारखाना तर सुरू झाला. मग जुना बंद होणार का?"

नव्या कारखान्यात फोमच्या गाद्या होत, दाबून, गुंडाळून खोक्यात भरलेल्या. जुन्यात स्प्रिंगच्या होत आणि त्यांची कड माणसं शिवत. त्या माणसांत कात्रीचे भावजी होते, ताईचे यजमान. ती त्यांच्याकडेच राहत होती. प्रश्न ऐकून तिने एरवी मान वर केली असती. पण नेमकी तेव्हाच मागची डबल बेडची गादी कलंडू लागली, आणि कात्रीने हेडफोन गळ्यात टाकून ती खांद्याने पेलून धरली. गादी पुन्हा भिंतीला टेकेपर्यंत तिचं लक्ष फक्त गादीत होतं.

"नाही," मालक म्हणाले.

ती एडिटिंगला बसली तेव्हा बाकीचं सगळं नेहमीसारखंच होतं. आवाज कॉम्प्युटरवर डोंगररांगेसारखा दिसतो. माणूस बोलतो तिथे शिखरं, गप्प बसतो तिथे सपाट रेघ. शांतता कुणी ऐकत बसत नाही. ती दिसते, आणि काढली जाते. या प्रश्नाच्या आणि उत्तराच्या मधे एक लांबलचक सपाट रेघ होती. कात्रीने ती या टोकापासून त्या टोकापर्यंत निवडली आणि बटण दाबलं. शिखराला शिखर भिडलं. मग ती जेवायला गेली.

*

गेले काही आठवडे भावजींचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. बसच्या सीटा बनवणाऱ्या एका कारखान्याला शिलाईची माणसं हवी होती. तिथल्या ओळखीच्या फोरमनने त्यांना जागा देऊ केली होती, पण हो की नाही ते पुढच्या सोमवारी कळवायचं होतं. जायचं तर हातची जुनी नोकरी सोडायची, आणि सीट म्हणजे काय, शेवटी बसायची वस्तू. गादीवाल्याला त्यात जरा कमीपणा वाटतो. न जायचं, तर एखाद्या सकाळी फाटकाला कुलूप दिसायचं, आणि तोवर सीटवाल्यांकडची जागाही भरलेली असायची. जेवायला बसले की त्यांचा पाय टेबलाखाली असा हले, की सगळ्यांच्या पेल्यांतलं पाणी थरथरे. या घरात भूकंप झाला तरी आपल्याला कळायचं नाही, असं ताई म्हणे.

मंगळवारी नेहमीप्रमाणे भाग बाहेर पडला. संध्याकाळी कात्री घरी आली तर पेल्यांतलं पाणी स्तब्ध होतं. भावजींनी फोन तांब्याला टेकवून उभा केला होता आणि तेवढाच प्रश्न, तेवढंच उत्तर ते ताईला पुन्हा पुन्हा ऐकवत होते, आवडलेलं गाणं ऐकवावं तसं.

"आवाजावरून माणूस कळतो," ते म्हणाले. "विचारलं रे विचारलं, की नाही. क्षणभर तरी विचार केला का? पोटात काही असतं, तर अडखळला असता."

"तू तर रोज बघतेस त्यांना," ताई कात्रीला म्हणाली. "असेच बोलतात ना ते?"

"हो," कात्री म्हणाली. "म्हणजे कसं आहे..."

आपल्या तोंडून काय गेलं ते तिच्या लक्षात आलं आणि ती थांबली. पुढचं कुणी विचारलं नाही. भावजींनी पुन्हा वाढून घेतलं. सोमवारी फोरमनला नको म्हणून कळवून टाकतो, असं ते घास चावता चावता म्हणाले. बिचाऱ्याची जागा आपण उगाच अडवून ठेवायला नको. ताईने त्यांच्याकडे असं बघितलं, जसं बऱ्याच दिवसांनी ताप उतरलेल्या माणसाकडे बघतात.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात पोचल्या पोचल्या कात्रीने मूळ रेकॉर्डिंग काढलं. या वेळी वेग साधाच ठेवला. प्रश्न झाला. मग काही नाही. ती टेबलावर बोटं वाजवत बसली. मग हेडफोन काढून उठली, पाण्याची बाटली भरून आणली, झाकण लावलं, पुन्हा हेडफोन घातला. अजून काही नाही. म्हणजे अगदीच काही नाही असंही नव्हतं. स्टूल एकदा कुरकुरलं. मालकांनी बोलायला घेताना घ्यावा तसा श्वास घेतला, आणि तो तसाच सोडून दिला. मागे कुठे तरी गादी घसरल्याचा आवाज, आणि 'अगं बाई' असं पुटपुटणारी ती स्वतः. मालकांनी पुन्हा श्वास घेतला, पुन्हा सोडला. आणि मग, आता रेकॉर्डिंग इथेच संपत असावं असं वाटू लागल्यावर, 'नाही'.

भावजींनी ऐकवलेलं 'नाही' आणि हे 'नाही' अगदी एकसारखं होतं, कारण ते तेच होतं. तरी तिला ते ओळखू येईना.

तिने मित्रहोंना बोलावून त्यांच्या डोक्यावर हेडफोन चढवला. थोड्याच वेळात त्यांचं बोट पुढे सरकवायच्या बटणाकडे गेलं.

"इथे काही नाहीये."

"तेच ऐकायचंय, सर."

अनोळखी माणसाच्या शोकसभेत उभं राहावं तसे ते थोडा वेळ ऐकत राहिले. मग हेडफोन काढून त्यांनी तिला शांतपणे समजावलं. शांतता आली की ऐकणारा पळतो. आलेखात तिथे दरी पडते. ती दरी बुजवण्यासाठीच तर तिला पगार मिळतो, आणि ते काम तिने चोख केलेलं आहे. मालकांनाच एकदा विचारून घेऊ या का, असं कात्रीने सुचवलं. त्यावर ते म्हणाले की मालकांना विचारलं तर ते विचार करत बसतील, आणि मग त्या विचाराचं आपण करायचं काय? जाता जाता दारात थांबून त्यांनी विषय मिटवला.

"मालक काय म्हणाले, ते आपलं खातं. म्हणायच्या आधी ते काय म्हणाले नाहीत, ते आपलं खातं नाही."

त्या संध्याकाळी जेवताना कात्रीने सांगून टाकलं.

"भावजी, ते लगेच नाही म्हणाले नव्हते. आधी गप्प होते. ते मी कापलं."

"माणूस श्वास तर घेईल की नाही?"

"नुसता श्वास नव्हता तो. खूप वेळ होता."

"खूप म्हणजे किती?"

तिला शब्दांत सांगता येईना, म्हणून तिने ते करून दाखवलं. दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि गप्प बसली. ताईने आधी वाट बघितली, मग नवऱ्याकडे बघितलं. फ्रिज एकदा थडथडून बंद झाला. जिन्यावरून कुणाचे तरी बूट वर गेले, थांबले, किल्ली फिरली, दार उघडलं, लागलं. ताईने हात लांब करून कात्रीच्या कपाळाला लावून पाहिला. अजून बराच अवधी बाकी होता, पण भावजींना हसू आवरेना.

"तू एवढा वेळ गप्प बसलीस हेच मला खरं वाटत नाहीये," ते म्हणाले. "मालकांचं पुढचं पुढे."

मग त्यांनी तिची समजूत घातली. ऑफिसातली माणसं राईचा पर्वत करतात, यात तिचा दोष नाही, तिथली हवाच तशी. त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. आता तिने हजार वेळा सांगितलं तरी कानांवरचा विश्वास उडवायचा कसा?

कात्रीने आधी साधा उपाय करून पाहिला. मंगळवारच्या भागात ती शांतता जिथल्या तिथे परत बसवली आणि भाग पुन्हा चढवला. पण एकदा ऐकलेला भाग दुसऱ्यांदा कोण ऐकतं? फार तर हिशेबनिसांची बायको. नवीन भाग पुढच्या मंगळवारी जायचा होता, आणि सोमवार त्याच्या आधी येतो.

गुरुवारी दुपारी मित्रहो एका मीटिंगमध्ये मित्रहो म्हणत असताना तिने नवीन फाइल उघडली. सुरुवातीचं संगीत. नमस्कार मित्रहो. प्रश्न. मग ती संपूर्ण सपाट रेघ, तिच्यातल्या दोन श्वासांसकट, स्टुलासकट, 'अगं बाई'सकट. रेघेच्या शेवटी 'नाही' उभं होतं. ते सगळ्यांनी ऐकलेलंच होतं. तिने ते कापलं. सवयीने की मुद्दाम, हे विचारणारं तिथे कुणी नव्हतं. शेवटचं संगीत लावलं. शीर्षकाची चौकट मोकळी ठेवता येत नाही, तेव्हा तिने लिहिलं, 'मालक उत्तर देताना'. एरवी ती शीर्षकात उद्गारचिन्ह घालत असे. या वेळी घातलं नाही.

*

शुक्रवारी काय झालं ते भावजींनी घरी सांगितलं, सावकाश, त्यांच्या पद्धतीने, मधे पाणी पीत.

डबे खायच्या सुट्टीत शिलाई विभागाने फोन स्टीलच्या वाडग्यात उभा केला, म्हणजे आवाज मोठा येतो. प्रश्न ऐकू आला. मग वाडगं गप्प. नेट गेलं असं एकजण म्हणाला. बॅटरी बघा, असं दुसरा. तिसऱ्याने वाडगं बदलून पाहिलं. मग कुणीतरी फोनच्या पडद्यावर बोट ठेवून दाखवलं की आकडे तर पुढे सरकताहेत, म्हणजे चालू आहे. तेव्हा जो तो होता तिथे टेकला. पहिला श्वास आला तशा सगळ्यांच्या माना पुढे झाल्या, आता बोलतील. बोलले नाहीत. दुसरा श्वास आला तेव्हा कुणाची मान हलली नाही. मग संगीत लागलं. शेवटी शिलाईतल्या सगळ्यात जुन्या मावशींनी डब्याचं झाकण लावलं.

"मालकांना इतकं बोलताना मी आजवर ऐकलं नव्हतं," त्या म्हणाल्या.

हे सगळं सांगून होईपर्यंत कात्री एकदाही 'पुढे' म्हणाली नाही. भावजींनी पेला खाली ठेवला, फोन घेऊन गॅलरीत गेले आणि दार ओढून घेतलं. काचेतून त्यांची पाठ दिसत होती. सोमवारची वाट त्यांनी बघितली नाही. आत आले तेव्हा म्हणाले, येतो म्हणून सांगितलं. आणि अजून कुणी असेल तर आणा, असं फोरमन म्हणतोय.

अजून बरेच होते. आठवडा उलटायच्या आत कड शिवणाऱ्यांची सगळी रांग सीटांकडे गेली. मावशीसुद्धा गेल्या. मशीनं तेवढी राहिली, त्यांच्यावर कापड पांघरून.

मित्रहोंना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्यांना ठाऊक होता तो आलेख. तो कॉम्प्युटरवर उघडून ते कात्रीच्या टेबलाशी आले तेव्हा त्यांचा चेहरा लग्न जमलेल्या माणसासारखा झाला होता. इतके ऐकणारे या पॉडकास्टला आजवर लाभले नव्हते, आणि रेघ सुरुवातीपासून शेवटपर्यंत सरळ होती. एकही माणूस मधेच सोडून गेला नव्हता.

"पाहुणा कोण होता या भागाला?" त्यांनी विचारलं. "त्याला परत बोलवा."

कात्रीने सांगितलं. मित्रहोंच्या चेहऱ्यावरचं हसू काढायचं राहून गेलं आणि बराच वेळ तिथेच राहिलं.

दुपारी धाकट्या मालकांचं बोलावणं आलं. केबिनमध्ये नाही, नमुन्यांच्या खोलीत. ते त्याच स्टुलावर बसले होते. समोर त्यांनी कुणाला बसायला सांगितलं नाही, तेव्हा मित्रहो आणि कात्री गाद्यांना टेकून उभे राहिले. एसी बंदच होता. या खोलीत तो बंदच ठेवायचा असतो, असं मालकांच्या मनाने घेतलं असावं.

"लावा," ते म्हणाले.

तिने लॅपटॉपवर लावलं. प्रश्न संपला आणि खोलीत एकावर एक अशा दोन शांतता सुरू झाल्या. मालक मान खाली घालून ऐकत होते. पहिल्या श्वासाला त्यांनी वर पाहिलं. दुसऱ्या श्वासाला पुन्हा खाली. मग संगीत लागलं.

"हा मी?"

"हो, सर."

"बराच वेळ गप्प आहे की."

लोकांनी याचा अर्थ काय घेतला, असं त्यांनी विचारलं. मित्रहो घसा खाकरू लागले, म्हणून मग कात्रीनेच सांगितलं. वाडगं, मावशी, फोरमन, सगळं. भावजींचंही सांगितलं. मालक ऐकून घेत होते. तिचं संपलं तसे ते बोलले.

"माझ्या पायाला मुंग्या आल्या होत्या हो. हलवला असता तर हे स्टूल वाजलं असतं. रेकॉर्डिंगमध्ये आवाज करू नका, असं तुम्हीच सांगता. म्हणून पाय सुटेपर्यंत दम धरून बसलो होतो."

हे त्यांनी एका दमात सांगितलं. त्यात कुठेही कापायला जागा नव्हती.

मित्रहोंनी सुटकेचा नि:श्वास टाकला. बघा, मी म्हणत नव्हतो का, असं त्यांनी कात्रीला सांगितलं. प्रत्यक्षात ते तसं म्हणत नव्हते. लगेच पुढचा भाग बैठ्या कामावर आणि रक्ताभिसरणावर घ्यावा, असंही त्यांना सुचलं. मालकांचं तिकडे लक्ष नव्हतं. जुन्या कारखान्यात कड शिवायला आता कोण राहिलंय, असं त्यांनी विचारलं. कुणी नाही, असं कळल्यावर त्यांनी मांडीवरून हात फिरवला.

"मग आता खरंच बघावं लागेल," ते म्हणाले.

मित्रहो मान डोलावत दाराकडे निघाले. कात्री हलली नाही.

"सर, त्या दिवशीचं ते नाही... ते खरं होतं?"

मालकांनी तिच्याकडे पाहिलं. श्वास घेतला. सोडला. कात्रीचा हात सवयीने कीबोर्डकडे गेला, पण रेकॉर्डिंग चालू नव्हतं, तेव्हा तिथे त्याला काहीच काम नव्हतं. तिने तो मागे घेऊन दुसऱ्या हाताने धरून ठेवला. कपाळावरचा घाम भुवईपर्यंत आला तरी तो पुसला नाही. ती थांबून राहिली. इतकं ती आजवर कुणासाठीच थांबली नव्हती.

मग मालकांचा फोन वाजला. बुडत्याने दोर पकडावा तसा त्यांनी तो पकडला, कानाला लावला आणि बोलत बोलत बाहेर गेले. जाताना ते किंचित लंगडत होते, किंवा तिला तसं वाटलं.

मुंग्यांचं तिने घरी सांगितलं नाही. भावजी नव्या कामावरून खुशीत आले होते. सीट वाटते तितकी वाईट नसते, असं त्यांचं म्हणणं पडलं. गादीवर माणूस नुसताच झोपतो, सीटवर बसला की निदान कुठे तरी पोचतो. ताई म्हणाली, हे वाक्य तुमच्या त्या पॉडकास्टवाल्याला द्या, त्याला उपयोगी पडेल. मग भावजी कात्रीकडे वळले. तिने ते ऐकवलं नसतं तर आपण तिथेच बसलो असतो, असं ते म्हणाले, आणि वर म्हणाले की तिच्यावर आधीच विश्वास ठेवायला हवा होता. कात्री 'हं' म्हणाली. ताटातलं संपायच्या आतच ती उठली आणि ताट धुवायला घेतलं. नळ बराच वेळ चालू होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मित्रहोंनी तिला समोर बसवून एक सूचना सांगितली आणि तिने ती टाइप केली. वाक्यं लांब होती, मित्रहो मधे मधे थांबत होते, आणि या वेळी काही कापायचं नाही, असं त्यांनी सुरुवातीलाच बजावलं होतं. जेवणाच्या सुट्टीआधी सूचना दोन्ही कारखान्यांच्या फलकांवर लागली. जुन्या कारखान्यात ती वाचायला पहारेकरी होता.

'सर्व आजी व माजी कर्मचाऱ्यांस कळविण्यात येते की, "उद्योगाच्या उशाशी" या कार्यक्रमातून प्रसारित झालेली शांतता ही केवळ शारीरिक कारणास्तव उद्भवलेली असून, तिच्यातून अर्थ काढण्यास व्यवस्थापनाने कोणत्याही स्तरावर मान्यता दिलेली नव्हती. सबब, ज्या कर्मचाऱ्यांनी सदर शांततेतून अर्थ काढला असेल, त्यांनी तो कोणतीही मोडतोड न करता, ज्या स्थितीत काढला त्याच स्थितीत, येत्या शनिवारी कामकाज संपण्यापूर्वी मार्केटिंग विभागाकडे परत जमा करावा व तशी पोच घ्यावी, ही नम्र विनंती.'